उजवी बाजू वर

गेल्या महिन्यातला तो बुधवार अजून डोक्यातून जात नाही. चूक माझीच, आणि ती आता एका बाईच्या दंडावर कायमची बसली आहे.

तिला गेईशा गोंदवायची होती. मोबाइलमध्ये चित्र तयार, आणि अर्थही तयार: सौंदर्य, गूढता, संयम. गिऱ्हाइकं हल्ली अर्थ नेटवरून पाठ करूनच येतात. अर्थावरून मी कुणाशी हुज्जत घालत नाही, चित्रावरून घालतो. चित्रातल्या बाईच्या ओबीची, म्हणजे किमोनोवरच्या रुंद पट्ट्याची, गाठ पुढे पोटावर होती आणि डोक्यात साळिंदरासारखे काटे. म्हटलं, "मॅडम, ही गेईशा नाही. ही ओइरान, जुन्या परवाना-वस्तीतली गणिका. गेईशाची गाठ मागे पाठीवर असते."

मग मी सुटलोच. 'गेई' म्हणजे कला, 'शा' म्हणजे माणूस. नाच, गाणं, शामिसेन हे तीन तारांचं वाद्य, हा तिचा धंदा. सुरुवातीच्या गेईशा तर पुरुषच होते. क्योतोत तिला गेइको म्हणतात आणि शिकाऊ मुलीला माइको. पहिल्या वर्षी माइको फक्त खालचा ओठ रंगवते. केसांतली फुलं महिन्यागणिक बदलतात, एप्रिलला साकुरा म्हणजे चेरीची फुलं, नोव्हेंबरला लाल मेपल. माइकोची कॉलर लाल असते, गेइको झाली की पांढरी होते. कलेवर पोट भरणाऱ्या बाईकडे लोक भलत्याच नजरेनं बघतात, हे संगीतबारीतल्या बायकांना कुणी वेगळं सांगायला नको. मॅडम खूश. मी तर त्याहून खूश.

तीन संध्याकाळी बसून आयपॅडवर नवी माइको काढली. फक्त खालचा ओठ लाल, केसांत मेपल, ओबीची लांब टोकं पाठीमागे सोडलेली. स्टेन्सिल लावायच्या आधी दंडावर धरून बघितली तर चेहरा पाठीकडे जात होता. दंडावरच्या माणसानं समोर बघावं, नाहीतर तो पळून चाललाय असं वाटतं. हे आमच्या धंद्यातलं पहिलीतलं गणित. मी एक बटण दाबलं, चित्र आडवं फ्लिप केलं. दोन सेकंदांचं काम.

सात सुयांच्या लाइनरनं चेहरा झाला, मान झाली, कॉलरच्या दोन्ही रेघा झाल्या. माझ्या हाताखाली शिकणारी पोरगी जपानी भाषेचे क्लास करते. ती पेपर टॉवेल द्यायला वाकली आणि हळूच म्हणाली, "दादा, ही मेलेली आहे."

मशीन थांबवलं. किमोनोची डावी बाजू नेहमी उजवीवर येते. समोरून बघणाऱ्याला गळ्याशी इंग्रजी लहान वाय दिसतो. उजवी बाजू वर फक्त प्रेताला नेसवताना. बायका, पुरुष, गेईशा, सगळ्यांना हाच नियम. मला तो माहीत होता! ओठापासून ओबीपर्यंत सगळं तपासलं आणि एका बटणानं तिला तिरडीवर घातली.

गणपती मी जन्मात फ्लिप केलेला नाही. सोंड उजवीकडे गेली की सोवळं कडक, घरचे लोक दारात येऊन भांडतील. नऊवारीतली बाई असती तर पदर भलत्या खांद्यावर गेलेला लांबूनच दिसला असता. ते डोळ्यांत बसलेलं आहे. हे फक्त वाचलेलं होतं.

"स्टेन्सिल लावली तेव्हाच का नाही बोललीस?" मी बाहेर येऊन तिला विचारलं.

"तुम्ही बोलत होतात ना, दादा."

मॅडमना सांगितलं. न सांगताही चाललं असतं, इथं कुणाला कळणार होतं? त्या बराच वेळ आरशात बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "जपानला गेले तर लोक हसतील का?" मी म्हटलं, तिथल्या बऱ्याच गरम पाण्याच्या स्नानगृहांत टॅटू दिसला तरी आत घेत नाहीत, झाकावाच लागेल. खरं होतं, पण त्या क्षणी बोलायचं नव्हतं. त्या हसल्या नाहीत.

काळी रेघ पुसता येत नाही, आणि लाल मेपलखाली ती दडत नाही, रंगातून वर दिसते. शेवटी गळ्याशी उघडा पंखा धरला, काळ्या लाखेचा, गच्च भरून. माइको पंखा घेऊन नाचतेच, त्यामुळे खोटं वाटत नाही. पंख्याचे पैसे घेतले नाहीत.

काल त्या दाखवायला आल्या होत्या. कातडी छान भरून आली आहे, पंखा अगदी मूळ चित्रातलाच वाटतो. क्रीम लावता लावता मी त्यावरून बोट फिरवलं. त्या दिवशी कॉलरवर हात जरा जड पडला होता. काळ्या रंगाखाली ती उलटी रेघ अजून बोटाला लागते.