महिदपूरची बोलणी

रविवारी सकाळी पोह्यांवर शेव टाकता टाकता काका टीव्हीवर युद्ध की वाटाघाटी अशी चर्चा बघून म्हणाले, "बोलणी-फिलणी बंद करा, एकदाचं निपटवून टाका." मी म्हटलं काका, एकदा उज्जैन जिल्ह्यातल्या महिदपूरला जाऊन या.

आपण इंदूरवाले रेसिडेन्सी एरियातून रोज जातो-येतो, पण ही रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रजांच्या प्रतिनिधीची कचेरी, इथे आली कुठून हे कोणी विचारत नाही. ती महिदपूरहून आली, म्हणजे एका फिसकटलेल्या वाटाघाटीतून.

डिसेंबर 1817. खडकीला पेशव्यांची लढाई होऊन गेलेली, शिंद्यांनी तर त्याच दिवशी, 5 नोव्हेंबरला इंग्रजांशी तह करून टाकलेला. होळकरांच्या गादीवर 11 वर्षांचा मल्हारराव, कारभार तुळसाबाईंकडे, फौजेचा पगार थकलेला. इंग्रजांचे हिस्लॉप आणि माल्कम फौज घेऊन क्षिप्रेकाठी येऊन बसले आणि म्हणे बोलणी करू. आता दारात तोफा लावून केलेल्या बोलण्याला बोलणी म्हणायचं का, हा वेगळा प्रश्न! पण होळकरांचे वकील माल्कमच्या छावणीत गेले होते, बोलणं चालू होतं आणि बाईंना तह हवा होता. फौजेतल्या सरदारांना वाटलं ही आपल्याला विकणार, मग 20 डिसेंबरला त्यांनी बाईंना नदीवर नेऊन मुंडकं उडवलं. शत्रूने नाही हो, आपल्याच लोकांनी. तह मागणारी गेली, आता मधे बोलणार कोण?

दुसऱ्या दिवशी लढाई. होळकरांच्या गोलंदाजांनी जीव तोडून तोफा चालवल्या, इंग्रजांचेच जवळपास 800 मेले नाहीतर जखमी झाले, तरी संध्याकाळपर्यंत खेळ संपला.

आणि मग 6 जानेवारी 1818 ला मंदसौरला तह झालाच. म्हणजे ज्याच्यासाठी बाईंचा जीव घेतला तेच 17 दिवसांनी केलं, फक्त आता खानदेश गेला, सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, राजपुतान्यातली खंडणी गेली आणि दरबारात इंग्रज रेसिडेंट बसला. राजधानीही महेश्वरहून इंदूरला आली.

होळकरांच्या फौजेतल्या गफूर खानला त्याच तहात जावरा मिळालं. लढाई चालू असताना तो फौज घेऊन निघून गेला असं जुने लोक अजूनही सांगतात, कितपत खरं देव जाणे, पण मंदसौरला जाताना वाटेत जावऱ्याचा बोर्ड दिसला की मला पोह्यांवरचे काकाच आठवतात.