बर्मिंगहॅमची चकमकीची पिस्तुलं आणि घरची ठासणीची बंदूक

इथे ब्रिटनमध्ये, बर्मिंगहॅमला, सुपरमार्केटात भाजी चिरायची सुरी घेतली तर बिलाचं यंत्र अडतं. कर्मचारी येतो, चेहरा बघतो, अठरा वर्षं पूर्ण असल्याची खात्री करतो, मगच पुढे जाऊ देतो. पुण्यामुंबईत मुली पर्समध्ये मिरचीचा स्प्रे ठेवतात, तो इथे बंदुकांच्याच कायद्याखाली बंदी असलेलं हत्यार ठरतो. आणि याच देशात, जुन्या वस्तूंच्या बाजारात, एका वयस्कर विक्रेत्याने मला दोनशे वर्षांपूर्वीचं, गारगोटीच्या ठिणगीने बंदुकीची दारू पेटवणारं चकमकीचं खिशातलं पिस्तूल वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिलं. परवाना विचारला नाही, पोलिसांचं पत्र मागितलं नाही. पावती मात्र सुवाच्य अक्षरात लिहून दिली.

घरी येऊन आधी कायदा वाचला. १९६८ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टचं कलम ५८ म्हणतं की पुरातन शस्त्र कुणी निव्वळ कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू म्हणून बाळगत असेल, तर परवान्याची बहुतेक बंधनं त्याला लागू नाहीत. तेच पिस्तूल झाडायच्या इराद्याने ठेवलं, तर लागू. म्हणजे वस्तू तीच, फरक ठेवणाऱ्याच्या मनातल्या हेतूचा. हा देश बंदुकांच्या बाबतीत ढिला अजिबात नाही. मार्च १९९६ मध्ये डनब्लेनच्या शाळेत सोळा मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या, त्यानंतर १९९७ साली काडतुसांची जवळजवळ सगळी पिस्तुलं ब्रिटनमध्ये सामान्य माणसाच्या हातातून काढून घेतली गेली. ठरावीक तुरुंगवास भोगलेल्या माणसाला तर आता पुरातन शस्त्रही ठेवता येत नाही. एवढं कडक असूनही जुन्या कारागिरीसाठी जागा राखली, याचं मला मनापासून कौतुक आहे.

आता त्या पिस्तुलाबद्दल. ते वीतभरही नाही. नळी, तिच्यामागे पितळी किंवा पोलादी पेटी आणि अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. घोडा बाजूला नसून पेटीच्या बरोबर मध्यावर, त्यामुळे खिशातून काढताना कापडात अडकायला बाजूला काही नाही. काही नगांत चापही दिसत नाही. घोडा मागे ओढला की चाप खालून आपोआप बाहेर येतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घोडा पुन्हापुन्हा ओढून बघत बसलो होतो.

खरी गंमत भरण्यात आहे. आपली ठासणीची बंदूक तोंडातून भरतात: दारू, वर बोळा, छर्रे, मग गजाने ठासायचं. इथे गज नाहीच. फिरकीच्या तांब्याचं झाकण काढावं तशी अख्खी नळी फिरवून काढायची, मागच्या खळग्यात दारू घालायची, तिच्यावर शिशाची गोळी ठेवायची आणि नळी परत आवळायची. गोळी नळीच्या भोकापेक्षा किंचित मोठी. त्यामुळे एक तर ती खिशात घरंगळून बाहेर पडत नाही, आणि दुसरं म्हणजे बार उडाल्यावर चेपून घट्ट बसत पुढे जाते, दारूचा जोर वाया जात नाही. नळी फिरवायला किल्ली असते. ती बसावी म्हणून काही नळ्यांच्या तोंडाशी आतून खाचा पाडलेल्या असतात. नवखे लोक त्यांना गोळीला फिरकी देणारे आटे समजतात आणि विक्रेतेही कधीकधी तसंच सांगतात. बॅटरी लावून आत बघा. खाचा तोंडाशीच संपतात, पुढे नळी गुळगुळीत.

बार एकच. तो चुकला तर दुसरा नाही. वाटमारीच्या काळात घोडागाडीने प्रवास करणाऱ्याने कोटाच्या खिशात ठेवायची ही वस्तू. चार-पाच पावलांपलीकडे तिचा भरवसा नाही.

पिस्तुलावर 'लंडन' कोरलेलं असलं तरी ते लंडनचं असेलच असं नाही. केटलंडसारख्या बर्मिंगहॅमच्या घराण्याच्या मालावरही 'लंडन' सापडतं, कारण त्या नावाला भाव होता. काम इथे, स्टीलहाउस लेन आणि लव्हडे स्ट्रीटच्या आसपासच्या गल्ल्यांत चाले. एक जण नळी घडवणार, दुसरा घोडा-चापाचं काम कानशीने घासणार, तिसरा दस्ता बसवणार, चौथा नक्षी कोरणार. १८१३ मध्ये संसदेच्या कायद्याने इथे प्रूफ हाउस उभं राहिलं. प्रमाणापेक्षा जास्त दारू भरून नळी झाडून बघायची, टिकली तर शिक्का. एकमेकांवर आडवे राजदंड, वर मुकुट आणि बी, पी, सी ही अक्षरं. बॅनबरी स्ट्रीटवर ते प्रूफ हाउस आजही चालू आहे. आपल्याकडे बीएसए सायकल ज्यांनी चालवली, त्यांनी हे लक्षात घ्यावं: १८६१ मध्ये याच बंदूकवाल्यांनी एकत्र येऊन बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स काढली, तेच हे नाव.

या शहराच्या बंदुका पश्चिम आफ्रिकेत गुलामांच्या व्यापारात गेल्या, ईस्ट इंडिया कंपनीलाही गेल्या. कारागिरी आवडते म्हणून हे झाकून ठेवणं मला जमत नाही. आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने आपल्या लोकांना परवान्यात जखडलं, गोऱ्यांना मोकळं सोडलं, हेही इथल्या संग्राहकांना मी सांगतो. ते ऐकून घेतात. खंडेनवमीला आमच्या घरी कोयत्याला आणि बंदुकीला हळदकुंकू लागायचं, हे सांगितल्यावर तर प्रश्नांवर प्रश्न येतात. शस्त्राचा मान म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

म्हणून घरची गोष्ट सलते. कुडाळजवळ आमच्या आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना होता. केपेची, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या टोपीची, एकनळी बंदूक, रानडुकरांसाठी. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा व्हायची, निकालानंतर परत यायची. आजोबा गेल्यावर परवाना वारसाच्या नावावर करण्यासाठी काकांनी फेऱ्या मारल्या, शेवटी कंटाळून बंदूक कायमची जमा केली. आता ती कुठे आहे कुणाला ठाऊक नाही. आपल्या १९५९ च्या कायद्यातही जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशाच शस्त्रांना. आपल्याकडची गर्दी, आपले तंटे, गावठी कट्ट्यांचा सुळसुळाट बघता सरकारची भीती मला कळते. तरीही वारसाला ती भिंतीवर टांगण्यापुरती ठेवण्याची सोपी वाट हवी होती, असं मी म्हणणारच.

फोनवर आई विचारते, "पैसे असल्या बंदुकांर कित्याक घालतंस?" तिला मी सांगतो की ऑफिसातले लोक फुटबॉलच्या सामन्यांवर वर्षाला याहून जास्त घालवतात, आणि त्यांच्याकडे तिकिटाच्या कपट्यापलीकडे काही उरत नाही. माझ्याकडे वस्तू उरते. घरात दारूचा कण नाही, केप नाही, गोळी नाही. ठेवणारही नाही. मला ही पिस्तुलं झाडायची नाहीत, ती कशी घडवली ते समजून घ्यायचं आहे. स्कॉटलंडच्या फोर्सिथ नावाच्या पाद्रीने १८०७ मध्ये ठोक्याने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं, त्यातून पुढे केप आली, चकमक मागे पडली, आणि तीच केप आमच्या आजोबांच्या बंदुकीवर बसत होती. माझ्या कपाटात चकमकीचं एक आणि केपेचं एक शेजारीशेजारी आहे ते म्हणूनच.

तळकोकणात ज्यांच्या घरी परवान्याची ठासणीची बंदूक अजून आहे, त्यांना एक विनंती. ती भरलेली आहे असंच आधी धरा आणि जाणत्या माणसाकडून रिकामी असल्याची खात्री करून घ्या. मग नळीच्या बुडाशी, दस्त्याजवळ, शिक्का आहे का ते बघा. राजदंड आणि मुकुट दिसला तर नळी बर्मिंगहॅमची असू शकते, लंबगोलात ई, एल, जी दिसलं तर बेल्जियममधल्या लिएजची. काहीच नसेल तर कुठल्या लोहाराने केली ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. फोटो मला पाठवा. पुढच्या निवडणुकीत ती जमा करायच्या आधी.