आजींना भांडी घासायची नव्हती

इंग्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात मी केअरर आहे. तिथल्या एक आजी जेवणाची वेळ झाली की अस्वस्थ व्हायच्या. ‘आय वॉन्ट टू वॉश अप,’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायच्या. स्मृतिभ्रंशामुळे त्यापुढे त्यांना सांगता येत नव्हतं. आमच्या इंग्रज मुली मायेनं म्हणायच्या, भांड्यांचं आम्ही बघतो, तुम्ही जेवून घ्या. आजी ताट सरकवून द्यायच्या.

ब्रिटनमध्ये वॉश अप म्हटलं की भांडीच. भांड्यांचा साबण म्हणजे वॉशिंग-अप लिक्विड. नुसतं वॉशिंग म्हटलं तर मात्र कपडे. आपल्याकडे भांडी घासतात, विसळतात. कपडे धुतात, पिळतात. तिथे सगळा भार त्या एवढ्याशा ‘अप’वर. मला तो आपल्या ‘टाक’सारखा वाटतो: खाऊन टाक, पिऊन टाक, घासून टाक. ‘कप’ हा शब्द ‘अप’च्या आधी चालतो, नंतरही चालतो. पण ‘ते’ म्हणायचं तर मधेच, वॉश देम अप.

हे मला चुकूनच कळलं होतं. नवीन असताना सीनियर म्हणाली, जाण्याआधी वॉश अप कर. मी कोपरापर्यंत हात धुतले आणि घरी गेले. सकाळी सिंकमध्ये चहाचे कप तसेच, आणि ती माझ्याशी बोलेना. मला फार लागलं. पुण्यातल्या क्लासमध्ये मी अमेरिकन अर्थ शिकले होते: हाततोंड धुणं.

एका दुपारी आजींची फाइल चाळताना दिसलं, बालपण अमेरिकेतल्या ओहायोत, लग्नानंतर इंग्लंड. मी तशीच उठले.

त्यांची व्हीलचेअर बेसिनपाशी नेली, कोमट पाणी सोडलं, साबण हातात दिला. आजींनी एकेक बोट चोळलं. अंगठी फिरवून तिच्याखालचा साबण काढला. मग ओंजळीनं तोंडावर पाणी घेतलं, कानामागूनही हात फिरवला. किती वर्षांची सवय असेल ती! टॉवेल नीट घडी करून त्यांनी माझ्याकडे दिला आणि टेबलावर येऊन वाटीभर सूप संपवलं.

संध्याकाळच्या पाळीला सांगायचं राहू नये म्हणून त्यांच्या केअर प्लॅनमध्ये लगेच लिहिलं: वॉश अप म्हणाल्या तर बेसिनकडे न्या, घाई करू नका.