तुम्ही विचारलंत म्हणून: पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणारी मंडळी मला वारंवार एकच प्रश्न विचारतात. कालपर्यंत सगळे सुरळीत होते, आज मात्र संगणक सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच अक्षरे दिसतात, किंवा निवडीचा मेनू न येता थेट विंडोजच उघडते; तर आता लिनक्स पुन्हा इन्स्टॉल करावे का?

करू नये, असे माझे ठाम मत आहे. कर्नल (सिस्टिमचा मुख्य प्रोग्रॅम) आणि त्याच्यासोबतची, सुरुवातीला लागणारी इनिट-रॅम-एफएस फाइल मेमरीत आणून पुढचा कारभार कर्नलकडे सोपवणे, एवढेच बूटलोडरचे काम असते; ग्रब हा लिनक्सचा नेहमीचा बूटलोडर. ते अडले म्हणून तुमच्या फायली, सेटिंग्ज किंवा प्रोग्रॅम नाहीसे होत नाहीत. ते आपापल्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या स्वतंत्र भागात, जसेच्या तसे असतात. खरे नुकसान बहुधा नंतर होते, घाईघाईने पुन्हा इन्स्टॉल करताना भलतेच पार्टिशन फॉरमॅट झाल्यामुळे. म्हणून आधी एकच गोष्ट शोधावी: सुरू होण्याची प्रक्रिया नेमकी कोणत्या टप्प्यावर थांबली?

संगणक सुरू होताच सर्वांत आधी मदरबोर्डवरील फर्मवेअर हा प्रोग्रॅम चालतो. त्याच्या जुन्या बायोस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये बूटलोडरच्या कोडसाठी केवळ ४४६ बाइट मिळतात. एवढ्या जागेत ग्रब मावत नाही, म्हणून तिथे त्याचा एक छोटा तुकडा राहतो, जो पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेतील मोठा गाभा उचलतो, आणि तो गाभा पुढे लिनक्सच्या बूट डिरेक्टरीतील ग्रब फोल्डर शोधतो. यूईएफआय या नव्या पद्धतीत ही कसरत नसते. फॅट प्रकारच्या एका छोट्या ईएफआय पार्टिशनमध्ये प्रत्येक सिस्टिमचा बूटलोडर स्वतःच्या फोल्डरमध्ये साध्या फाइलच्या रूपात असतो, आणि कोणती फाइल आधी चालवायची याचा क्रम मदरबोर्डवरील कायमस्वरूपी मेमरीत नोंदलेला असतो. त्यामुळे यूईएफआय संगणकावर ‘विंडोजने ग्रब पुसून टाकला’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा बहुतेक वेळा ग्रबची फाइल शाबूत असते आणि केवळ क्रम बदललेला असतो.

थेट विंडोज उघडत असेल, तर म्हणूनच आधी फर्मवेअरचा बूट मेनू उघडून त्यात लिनक्सची नोंद आहे का ते पाहावे. नोंद असेल आणि ती निवडल्यावर लिनक्स सुरू होत असेल, तर दुरुस्ती एवढीच की ती नोंद क्रमात वर आणावी. नोंदच नसेल, तर ती लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या यूएसबीवरून) पुन्हा तयार करता येते. फर्मवेअर अद्ययावत केल्यावर किंवा त्याची सेटिंग्ज मूळ पदावर आणल्यावर अशा नोंदी कधीकधी पुसल्या जातात.

काळा पडदा दिसत असेल, तर त्यावरील शब्द नीट वाचावेत, कारण तिथे दोन वेगळ्या अवस्था असतात आणि त्यांची गल्लत फार होते. नुसते ‘ग्रब’ आणि पुढे कोनचिन्ह असेल, तर ग्रब बहुधा पूर्ण सुरू झाला आहे, त्याला फक्त मेनूची कॉन्फिगरेशन फाइल मिळालेली नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ असेल, तर ग्रबचा गाभा चालला आहे, पण त्याला स्वतःची मॉड्यूल्सही (पुढची कामे करणारे सुटे भाग) सापडलेली नाहीत. पार्टिशन हटवले, त्याचा क्रमांक बदलला किंवा लिनक्सचे पार्टिशन चुकून पुसले गेले की हे घडते. या दुसऱ्या अवस्थेतही हाती मोजक्या पण पुरेशा आज्ञा असतात. ‘एलएस’ दिल्यावर डिस्क आणि पार्टिशनांची यादी मिळते. एकेका पार्टिशनवर तीच आज्ञा चालवून ग्रब फोल्डर कुठे आहे ते शोधावे. मग ‘सेट’ आज्ञेने ‘रूट’ला त्या पार्टिशनचे नाव आणि ‘प्रीफिक्स’ला त्या फोल्डरचा पूर्ण मार्ग देऊन ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि त्यानंतर ‘नॉर्मल’ या आज्ञा द्याव्यात. मेनू आला, तर अर्धे काम झाले. ही जोडणी केवळ त्या वेळेपुरती असते, म्हणून लिनक्स सुरू होताच ग्रब नव्याने बसवून मेनूची फाइल पुन्हा तयार करावी. उबुंटू, डेबियन या लिनक्सच्या प्रकारांमध्ये त्यासाठी ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ आहेत. यूईएफआयवरील फेडोरात मात्र ‘शिम’ (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) आणि ग्रबची पॅकेजेस पुन्हा बसवणे हाच योग्य मार्ग आहे.

मेनू व्यवस्थित येऊन त्यानंतर कर्नल अडत असेल, तर दोष बूटलोडरच्या पुढच्या टप्प्यात शोधावा. मेनूतून आधीचे कर्नल निवडून पाहावे आणि बूट पार्टिशन भरलेले नाही ना ते तपासावे.

मेनू कशानेच येत नसेल, तेव्हा लाइव्ह यूएसबी लागते, आणि येथेच सर्वांत जास्त श्रम वाया जातात. यूएसबी स्वतः कोणत्या पद्धतीने सुरू झाली आहे, हे कोणी पाहत नाही. ‘सिस’ डिरेक्टरीतील ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ नावाचे फोल्डर असेल, तर ती यूईएफआय पद्धतीने सुरू झाली आहे. नसेल, तर बायोस पद्धतीने. यूईएफआय संगणकावर बायोस पद्धतीने सुरू केलेल्या यूएसबीवरून ग्रब बसवला, तर आज्ञा यशस्वी झाल्यासारखी वाटूनही बिघाड तसाच राहू शकतो. पद्धत जुळत असल्याची खात्री झाल्यावर लिनक्सचे मूळ (रूट) पार्टिशन, बूट वेगळे असल्यास तेही, आणि ईएफआय पार्टिशन आपापल्या जागी माउंट करावे (म्हणजे चालू सिस्टिमला जोडावे), ‘डेव्ह’, ‘प्रॉक’ आणि ‘सिस’ जोडून घ्यावेत, आणि ‘सीएच-रूट’ आज्ञेने डिस्कवरील लिनक्सच्या आत जाऊन दुरुस्ती करावी.

लिनक्स परत आले पण मेनूतून विंडोज गायब झाले, अशी तक्रारही मी पुष्कळदा ऐकतो. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ मुळातच बंद ठेवलेला असतो; ग्रबच्या सेटिंग्जमध्ये तो सुरू करून मेनू पुन्हा तयार केला की विंडोजची नोंद परत येते.

सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलेच बूटलोडर चालू देणारी फर्मवेअरची तपासणी, याबाबत एक इशारा कळकळीने द्यावासा वाटतो. ऑगस्ट २०२४ मधील विंडोज अपडेटनंतर दोन्ही सिस्टिम असलेल्या अनेक संगणकांवर शिमच्या ‘एसबॅट’ तपासणीत (जुन्या, असुरक्षित बूटलोडरना रोखणाऱ्या) अपयश आल्याचा संदेश दिसू लागला आणि लिनक्स सुरू होईना. अशा वेळी सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समधील शिम अद्ययावत करता येते, परंतु विंडोजचे पार्टिशन बिटलॉकरने (विंडोजच्या एन्क्रिप्शन सुविधेने) कुलूपबंद असेल, तर या बदलानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती की हाताशी असल्याशिवाय फर्मवेअरमधील त्या सेटिंगला हात लावू नये.

एवढे करूनही संगणक अडलेलाच असेल, तर मला विचारताना तीन गोष्टी सोबत पाठवाव्यात: पडद्यावरील संदेशाचा जसाच्या तसा फोटो, लाइव्ह यूएसबीवरून काढलेली पार्टिशनांची यादी, आणि दोन्ही सिस्टिम कोणत्या पद्धतीने इन्स्टॉल केल्या होत्या याची माहिती. एक बायोस पद्धतीने आणि दुसरी यूईएफआय पद्धतीने इन्स्टॉल झालेली असेल, तर ग्रबच्या एका मेनूतून दोन्ही सुरू होणार नाहीत, आणि तेव्हा माझा सल्ला वेगळा असेल.