९२ टक्के जुळलं, तरी ०.२९

आशय-विश्लेषणाच्या, म्हणजे बातम्या वाचून त्यांत काय आहे ते ठरलेल्या खुणांनी मोजण्याच्या, प्रकल्पाची कोडशीट (खुणांचा तक्ता) त्या दिवशी टेबलावर आली तेव्हा तिच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘सहमती ९२ टक्के’. पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थिनीने आणि एका विद्यार्थ्याने त्याच १०० बातम्या वेगवेगळ्या बसून वाचल्या होत्या. प्रश्न एकच होता : बातमीत जबाबदारीची फ्रेम, म्हणजे विषय जबाबदारीच्या चौकटीतून मांडण्याची पद्धत, आहे का? असेल तर १, नसेल तर ०. उरलेल्या ५०० बातम्या आपसात वाटून घेऊन कोडिंग पुढे न्यायचं, म्हणून त्यांना माझी सही हवी होती.

सहीआधी मी चार खणांचा तक्ता मागितला. तो असा निघाला : दोघांचं ‘हो’ २ बातम्यांत, दोघांचं ‘नाही’ ९० बातम्यांत, फक्त तिचं ‘हो’ ५ बातम्यांत आणि फक्त त्याचं ‘हो’ ३ बातम्यांत. २ आणि ९० मिळून ९२ होतात, बेरीज चुकलेली नव्हती. पण एखाद्याने एकही बातमी न वाचता सगळीकडे ० भरला असता, तर त्याची तिच्याशी सहमती ९३ टक्के आली असती आणि विद्यार्थ्याशी ९५ टक्के. न वाचणारा माणूस वाचणाऱ्यांपेक्षा जास्त जुळतो, तेव्हा त्या टक्केवारीवर पुढचं काही उभं करता येत नाही.

योगायोगाने किती जुळलं असतं ते फळ्यावर काढलं. तिने ७ टक्के बातम्यांना ‘हो’ म्हटलं, त्याने ५ टक्के. दोघांचं ‘हो’ निव्वळ योगायोगाने जुळण्याचा भाग ०.०७ गुणिले ०.०५, म्हणजे ०.००३५. ‘नाही’ जुळण्याचा भाग ०.९३ गुणिले ०.९५, म्हणजे ०.८८३५. बेरीज ०.८८७. म्हणजे सहमती ९२ टक्के, त्यांतले ८८.७ योगायोगातूनही मिळाले असते. त्यावरची कमाई ३.३, आणि कमावण्याजोगं होतं १०० वजा ८८.७, म्हणजे ११.३. भागाकार ०.२९. योगायोग वजा करून सहमती मोजणारा हा आकडा म्हणजे कोहेनचा काप्पा, १९६० सालचा. त्याच जातीची मापं, स्कॉटचा पाय (१९५५) आणि क्रिपेनडॉर्फचा अल्फा, हीही काढून पाहिली. तिन्ही ०.२९ वर येऊन थांबली.

विद्यार्थ्याने लगेच हरकत घेतली : “‘हो’ची संख्याच इतकी कमी असेल तर काप्पा पडणारच ना?” हरकत खरी आहे. सहमती भरपूर आणि काप्पा कमी, या विरोधाभासावर फाइनस्टाइन आणि सिकेट्टी यांनी १९९० मध्येच लिहून ठेवलं आहे. म्हणून अशा वेळी ‘हो’ची बाजू वेगळी काढून बघावी. निदान एकाने तरी ‘हो’ म्हटलेल्या बातम्या १०, आणि त्यांतल्या दोघांनाही पटलेल्या फक्त २. प्रकल्पाला ज्या गोष्टीचा शोध घ्यायचा होता तिच्यावरच दोघांचं जमत नव्हतं. इथे काप्पावर अन्याय झाल्याचा आळ घेता येत नव्हता.

त्यांनी एक गोष्ट मात्र चोख केली होती : आपसात बोलून खुणा सारख्या करून घेतल्या नव्हत्या. हा मोह फार सार्वत्रिक आहे. मतभेद मिटवल्यानंतर काढलेला आकडा विश्वसनीयतेचा नसतो, समेटाचा असतो. म्हणून मूळ शीट जशीच्या तशी ठेवून दिली आणि न जुळलेल्या ८ बातम्यांबद्दल प्रत्येकाने स्वतंत्रपणे एकेक वाक्य लिहायचं ठरलं : मी ही खूण का केली?

ती वाक्यं शेजारी ठेवल्यावर दुखणं दिसलं. तिच्या ५ ‘हो’पैकी ४ बातम्यांत दोष कुणालाच दिलेला नव्हता, प्रशासनाने आता काय करायला हवं ते सांगितलं होतं. पाचवी खूण निव्वळ ओळ सरकल्याने चुकलेली. त्याच्या तिन्ही ‘हो’मध्ये दोषारोप स्पष्ट होता, पण तो बातमीत उद्धृत केलेल्या माणसाच्या तोंडी होता. तिने असे दोषारोप सोडून दिले होते, कारण ‘ते बातमीचं म्हणणं नाही’. दोघांनीही मन लावून वाचलं होतं. दोघं वेगवेगळी गोष्ट मोजत होते, इतकंच.

हा फरक सिद्धान्तात आधीच करून ठेवलेला आहे. शांतो अय्यंगार यांनी १९९१ मध्ये जबाबदारीचे दोन भाग केले : समस्या कुणामुळे झाली, आणि ती सोडवायची कुणी. सेमेटको आणि फाल्केनबर्ग यांनी २००० मध्ये पाच फ्रेम मोजण्यासाठी हो-नाही पद्धतीचे २० प्रश्न वापरले. समस्येला सरकार जबाबदार आहे का आणि सरकार ती हलकी करू शकतं का, हे त्यांत वेगवेगळे प्रश्न आहेत. आमच्या जोडीच्या प्रस्तावात सैद्धान्तिक प्रकरणात अय्यंगार यांच्यावर अख्खं पान होतं. कोडबुकात, म्हणजे कोणती खूण कधी करायची ते सांगणाऱ्या नियमांत, त्यातला एक शब्दही उतरला नव्हता. शोधप्रबंधांतला मला सर्वांत जास्त सलणारा तुटलेला सांधा हाच. दुसऱ्या प्रकरणात सिद्धान्त सुरेख मांडलेला असतो, तिसऱ्यात पद्धत नीट वर्णन केलेली असते, आणि या दोघांची भेट जिथे व्हायला हवी त्या कोडबुकाला परिशिष्टात अर्धं पान मिळतं.

दुपारभर ते अर्धं पान फोडून लिहिलं. एका प्रश्नाचे दोन झाले : कारणाची जबाबदारी, उपायाची जबाबदारी. एकक पक्कं केलं : शीर्षकासह पूर्ण बातमी, छायाचित्राची ओळ वगळून. उद्धृत माणसाचा आरोप धरायचा, पण तो बातमीदाराच्या शब्दांत आहे की दुसऱ्याच्या तोंडी, यासाठी वेगळा स्तंभ ठेवला. प्रत्येक नोंदीखाली एक स्पष्ट ‘हो’, एक स्पष्ट ‘नाही’ आणि एक काठावरचं उदाहरण.

सर्वांत जास्त वेळ क्रियापदांनी खाल्ला. ‘दुरुस्ती रखडली’ यात रखडवणारा कुणी नाही. ‘दुरुस्ती रखडवली’ म्हटलं की कुणीतरी ती रखडवली, पण कोण ते वाक्यात असेलच असं नाही. ‘विभागाने दुरुस्ती रखडवली’ इथे तो उघड आहे. नियम असा ठरला : व्यक्ती, गट किंवा संस्था मजकुरात कुठेतरी नावाने किंवा पदाने आली असेल तरच १. वाचकाला मनातल्या मनात कर्ता भरावा लागत असेल तर ०. यात काही सूक्ष्म दोषारोप निसटणार, हे कळत होतं. पण दोन माणसांना सारखा लावता येईल असा नियम एवढाच निघाला, आणि काय निसटतं ते मर्यादांमध्ये लिहिता येतं.

नमुन्यातही घोळ सापडला. चाचणीच्या १०० बातम्या फाइलच्या माथ्यावरून उचललेल्या, आणि फाइल तारखेप्रमाणे लावलेली. म्हणजे एकाच सलग काळातले तेच ते विषय. पुढच्या चाचणीसाठी उरलेल्या ५०० मधून १५० बातम्या यादृच्छिक क्रमांकांनी काढल्या. ‘हो’ इतकं विरळ असताना लहान नमुन्यात ते मूठभरच येतं. आधीच्या १०० पुन्हा वापरायच्या नाहीत, कारण त्यांवर चर्चा झालेली. सरावासाठी २० बातम्या संचाबाहेरच्या घेतल्या. क्रम दोघांना वेगवेगळा दिला आणि एका बैठकीत २५ हून जास्त नाहीत. थकलेला कोडर ० कडे झुकतो.

निकाल तिसऱ्या दिवशी आला. कारणाच्या प्रश्नावर दोघांचं ‘हो’ ९, दोघांचं ‘नाही’ १३६, तिचं एकटीचं ३, त्याचं एकट्याचं २. अल्फा ०.७७. उपायाच्या प्रश्नावर १३, १२६, ७ आणि ४. सहमती ९२.७ टक्के, अल्फा ०.६६. क्रिपेनडॉर्फ ०.८०च्या वर भरवसा ठेवायला सांगतात, आणि ०.६६७ ते ०.८० मध्ये फक्त तात्पुरते निष्कर्ष काढायला. म्हणजे पहिला प्रश्न ‘तात्पुरता’ या शब्दासह पुढे गेला. दुसरा थोडक्यात अडला, पण अडलाच, ०.६६ ला ‘जवळपास ०.६७’ म्हणायची सूट मी दिली नाही.

या दुसऱ्या प्रश्नावर न जुळलेल्या ११ बातम्या काढल्या, तर ६ मध्ये ‘चौकशीची मागणी’ होती. चौकशी हा समस्येवरचा उपाय, की दोषी कोण हे ठरवण्याची पायरी? तिचं म्हणणं उपाय, त्याचं म्हणणं कारण. आमच्या कोडबुकात यावर ओळ नव्हती. ती लिहून, नव्या बातम्या काढून पुन्हा चाचणी होईपर्यंत उपायाचा स्तंभ रिकामा ठेवायचा, असं कोडशीटवर लिहिलं आणि त्याखाली सही केली.