सहाचं दूध

अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात, लँकेस्टर परगण्यात मी हॉस्पिसची, म्हणजे अखेरच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारी नर्स म्हणून घरोघरी जाते. इथे घोडागाडी दिसली की बाहेरचा माणूस ‘आमिश’ म्हणून मोकळा होतो. पण मार्टिनडेल, हिंकलटाऊनकडे वेंगर मेनोनाइट लोकांची वस्ती आहे. दोन्ही साधेपणाने राहणारे जुन्या वळणाचे ख्रिस्ती पंथ. आमिशांची गाडी करडी, यांची काळी. 1927 साली मोटार घ्यावी की नाही यावरून पंथ फुटला, त्यातले हे घोड्यावर राहिलेले. ट्रॅक्टर चालतो, पण लोखंडी चाकांचा, म्हणजे रस्त्यावर पळवायचा मोह नको. घरात वीज आणि फोन असतो. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की ऑक्सिजनचं यंत्र सरळ भिंतीतल्या प्लगला लावता येतं. आमिशांकडे सिलिंडर उचलून न्यावे लागतात.

आजींना (मी मनातल्या मनात आजीच म्हणायचे) स्वादुपिंडाचा कर्करोग होता. सत्तरी उलटलेली, नऊ बाळंतपणं, आयुष्य गोठा, परसबाग आणि तळघरातल्या बरण्यांत गेलेलं. केमोला त्यांनी नकार दिला. या लोकांचा विमा नसतो; 1965 च्या कायद्याने त्यांना सोशल सिक्युरिटीतून, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेतून सूट आहे, त्यामुळे मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमाही नाही. मोठी बिलं चर्चची मंडळी मिळून भरतात. पण अडचण पैशाची नव्हतीच. “दोन-तीन महिने वाढतील, ते इस्पितळाच्या वाटेवर गाडीतच जातील,” म्हणाल्या. खोटं काय होतं त्यात?

त्यांची काळजी निराळी होती. धाकटा मुलगा.

1983 साली त्यांचं चौथं मूल आठवड्याचं होऊन गेलं होतं. आधी दूध ओढेना, मग अंग धनुष्यासारखं ताठ करू लागलं, आणि लंगोटांना जळक्या साखरेचा वास. मेपल सिरप युरिन डिसीज. प्रथिनातली तीन अमिनो आम्लं या मुलांच्या शरीराला पचवता येत नाहीत. त्यातलं ल्यूसिन रक्तात साचलं की मेंदूला सूज येते. एरवी हा आजार साधारण 1 लाख 85 हजार बाळांत एकाला होतो. या जुन्या मेनोनाइट घराण्यांत सुमारे 380 त एकाला. अठराव्या शतकात आलेल्या मोजक्या कुटुंबांची ही पोरं, सोयरिकी आपसातच, आडनावंही तीच ती. एका गल्लीत चार मार्टिन आणि तीन झिमरमन, माझी तर रोज फजिती.

1989 साली डॉ. होम्स मॉर्टन यांनी याच परगण्यातल्या स्ट्रासबर्गला अशा मुलांसाठी क्लिनिक काढलं. इमारत इथल्याच आमिश आणि मेनोनाइट सुतारांनी उभी केली, खर्चासाठी अजून गोधड्यांचे लिलाव होतात. आजींचा धाकटा त्यानंतरचा, त्यालाही हाच आजार. जन्मल्याबरोबर रक्त तपासलं, म्हणून वाचला. तो आता तिशी पार केलेला, गोठा सांभाळणारा गडी आहे. मात्र मांस, अंडी, दूध बंद. दिवसभराचं पोषण एका खास पावडरीच्या दुधातून, ग्रॅमवर मोजून, ठरल्या वेळी. ती पावडर इतकी वर्षं आजींनी मोजली.

आणि यातली मेख अशी, की तो उपाशी राहिला तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं आणि ल्यूसिन चढतं. ताप, ऑपरेशन, मोठा धक्का, कशानेही. आईच्या मरणाने पोटात अन्न न जाणं हे आपल्याकडे स्वाभाविकच धरतात. याच्यासाठी ते इस्पितळाचं तिकीट होतं. आजींनी सुनेला आजारपणाच्या दिवसांचं वेगळं माप शिकवलं होतं, कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. माझ्याकडूनही कबूल करून घेतलं, “त्या दिवशी तू इथे असलीस तर त्याच्याकडे बघ. माझ्याकडे बघायला पुष्कळ असतील.”

मार्चमधला तो दिवस. दुपारी मला फोन आला. गेले तेव्हा गुडघे निळसर पडले होते, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होत होता. मी जिभेखाली मॉर्फिन दिलं, कूस बदलली. मुलगे, जावई सायकलींवरून येत होते; सायकल या पंथाला चालते, कुंपणाशी रांग लागली होती. कोणी मोठ्याने रडत नव्हतं. म्हाताऱ्यांनी 1804 सालचं जर्मन स्तोत्रांचं पुस्तक उघडलं, बाकीच्यांनी संथ सूर धरला. धाकटा पायाशी बसलेला, चेहरा पांढराफटक. सकाळपासून काही घेतलं नव्हतं त्याने. मी सुनेकडे पाहिलं, तर ती घड्याळाकडेच बघत होती.

सहाला ती उठून स्वयंपाकघरात गेली. चारपाच मिनिटांत आजींचा एक श्वास गेला, पुढचा आला नाही. मी छातीला स्टेथोस्कोप लावला, पूर्ण मिनिटभर ऐकलं, वेळ सांगितली. मग सुनेला बोलवायला दारात गेले. ती काट्यावर पावडर टाकत होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं. तिने डावा हात नुसता वर केला, थांब. चमच्याच्या टोकाने चिमूटभर काढली, पुन्हा आकडा बघितला, पाणी ओतलं, झाकण लावून बाटली हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण काट्यावर एक थेंब पडू दिला नाही.

बाटली घेऊन ती सरळ दिराकडे गेली. त्याने नको म्हणून मान हलवली. तेव्हा म्हातारे, बायकोचा हात न सोडता, त्यांच्या जर्मन बोलीत दोनच शब्द बोलले. तो उभ्यानेच प्यायला. सगळी.

पुढचं सगळं न सांगता झालं. संध्याकाळची धार शेजाऱ्यांनी आधीच काढून ठेवली होती. सुतकात चूल पेटत नाही म्हणून भावकी पिठलं-भाकरी आणते, तसे इथेही टोप येऊ लागले, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि नाव. कबरही पोरांनी फावड्यांनीच खणली.

दोनेक आठवड्यांनी रिवाजाप्रमाणे भेटायला गेले. सून वाटाणा पेरायच्या गडबडीत होती, हात मातीने भरलेले. दफनाच्या दुसऱ्या दिवशी टिपकागदावरचा रक्ताचा नमुना क्लिनिकला पाठवला होता, म्हणाली. ल्यूसिन चढलं होतं, माप बदललं, आता उतरलंय. म्हातारे मात्र जेवत नाहीत नीट, त्यांचं काय करावं, असं तिने मला विचारलं.