मंजुरीचा कागद बघितलाय का?

कोल्हापुरात दहशतवादाच्या एखाद्या खटल्याचा विषय निघाला की चहा निवायच्या आत दोन वाक्यं येतात. "मुद्दाम अडकवलंय हो." आणि "काहीतरी असल्याशिवाय पोलीस उचलतील होय?" आरोपी आपल्या बाजूचा की समोरच्या, एवढ्यावर कोण कुठलं वाक्य म्हणणार ते ठरतं. खटला बदलला की तीच माणसं वाक्यांची अदलाबदल करतात आणि तितक्याच ठामपणे बोलतात.

या शहराला हा विषय लांबचा नाही. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून परतताना ज्येष्ठ डावे नेते गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या, २० तारखेला पानसरे अण्णा गेले. तपास आधी एसआयटीकडे, म्हणजे विशेष तपास पथकाकडे होता, ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं एटीएसकडे, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाकडे गेला. दहा आरोपींवर दोषारोप निश्चित व्हायला २०२३ चा जानेवारी उजाडला. जानेवारी २०२५ मध्ये त्यांतल्या सहा जणांना जामीन मिळाला, खटला लवकर संपायची चिन्हं नाहीत या कारणावर. या तारखा एकाखाली एक लिहून काढल्या की सरकारवरचा अविश्वास कुठून येतो ते वेगळं सांगावं लागत नाही. पण अविश्वास असणं ही एक गोष्ट, आणि नेमकं कशावर अविश्वास आहे हे सांगता येणं ही दुसरी. चर्चेत कमी पडते ती दुसरी.

युएपीए म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, दहशतवादाचे खटले त्याखाली चालतात. या युएपीएच्या खटल्यात सगळ्यात कमी वाचला जाणारा आणि सगळ्यात जास्त घात करणारा कागद म्हणजे खटला चालवण्याची सरकारी मंजुरी. कोर्टात त्याला सरळ 'सँक्शन' म्हणतात. फार तर चार-पाच पानं. हजारो पानांच्या दोषारोपपत्रात कुठल्यातरी गठ्ठ्यात ती पडलेली असते.

तिनं काय केलंय बघा. मालेगावचा २००८ चा स्फोट, सहा माणसं मेली. ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयानं सातही आरोपींना सोडलं. पुरावा अपुरा हे कारण होतंच, पण युएपीएपुरतं न्यायालय म्हणालं की दोन्ही मंजुरी आदेश सदोष आहेत, हा कायदा इथं लागूच होत नाही. आता दुसऱ्या टोकाचा खटला घ्या, प्रा. साईबाबांचा. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयानं दोषारोप निश्चित केले, पहिला साक्षीदारही तपासून झाला, आणि त्यानंतर साईबाबांच्या नावाची मंजुरी आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये नागपूर खंडपीठानं याच मुद्द्यावर सगळ्यांना सोडलं. दुसऱ्याच दिवशी, शनिवार असताना, सर्वोच्च न्यायालयानं बसून त्याला स्थगिती दिली. पुढं प्रकरण परत पाठवलं गेलं आणि ५ मार्च २०२४ ला नव्या खंडपीठानं पुन्हा निर्दोष सोडलं. एका खटल्यात आरोपी हिंदुत्ववादी, दुसऱ्यात माओवादी असल्याचा आरोप. दोन्हीकडे तोच कागद कच्चा. "आमच्यांनाच छळतात" म्हणणाऱ्या दोन्ही बाजूंनी ही दोन निकालपत्रं शेजारी ठेवून वाचली तर बरं होईल.

मंजुरी कशासाठी असते? युएपीएमध्ये जामिनाची अट उलटी आहे. कलम ४३-ड(५) प्रमाणे आरोप सकृतदर्शनी खरा वाटला तरी जामीन नाकारायचा. अटकपूर्व जामीन नाही. दोषारोपपत्राला ९० ऐवजी १८० दिवस मिळू शकतात. एवढी ताकद पोलिसांच्या हातात देताना २००८ च्या दुरुस्तीनं कलम ४५ मध्ये एक चाळणी घातली. तपास अधिकाऱ्यानं गोळा केलेला पुरावा आधी सरकारनं नेमलेल्या एका स्वतंत्र प्राधिकरणानं तपासायचा, शिफारस द्यायची आणि ती बघून सरकारनं मंजुरी द्यायची किंवा नाकारायची. २००८ च्याच नियमांत मुदत आहे: प्राधिकरणाला कामाचे सात दिवस, सरकारला शिफारस मिळाल्यापासून कामाचे सात दिवस. ही मुदत म्हणजे नुसती सूचना, असं सरकारी वकील बरीच वर्षं सांगत आले. २३ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं फुलेश्वर गोपे प्रकरणात सांगितलं की ती बंधनकारक आहे.

आता प्रत्यक्ष कागद हातात आला तर तो कसा वाचायचा.

पहिल्या पानावर संदर्भ म्हणून पत्रांचे क्रमांक आणि तारखा असतात. लोक तेवढा भाग ओलांडून मजकुराकडे जातात, आणि सगळी गंमत तिथंच असते. तीन तारखा शोधायच्या: पोलिसांचा पुरावा प्राधिकरणाकडे कधी पोचला, प्राधिकरणाचा अहवाल कधीचा, आणि आदेशाखाली सही कधीची. त्यानंतर चौथी तारीख बाहेरून आणायची, न्यायालयानं प्रकरणाची दखल कधी घेतली, म्हणजे दोषारोपपत्र बघून खटला पुढं चालवायला कधी घेतला, ती. मंजुरी दखलीच्या आधीची पाहिजे. अटकेला मंजुरी लागत नाही आणि दोषारोपपत्र दाखल करायलाही लागत नाही. मे २०२३ मध्ये जजबीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की मंजुरी जोडली नाही म्हणून दोषारोपपत्र अपुरं ठरत नाही. त्यामुळे "मंजुरीच नव्हती तर अटक कशी केली?" हा कट्ट्यावरचा प्रश्न चुकीचा आहे. त्यावर वाद घालत बसू नका.

मग मजकूर. प्राधिकरणाच्या अहवालात प्रत्येक आरोपीबद्दल वेगळं काही लिहिलंय का? "कागदपत्रांचे अवलोकन केले असता सकृतदर्शनी गुन्हा दिसून येतो, सबब मंजुरी द्यावी" एवढ्यावर भागवलं असेल तर ती खूण आहे. दहा आरोपी आणि दहा जणांना एकच परिच्छेद, नुसती नावं बदललेली, ही दुसरी खूण. आदेशाची भाषा पोलिसांच्या प्रस्तावातून जशीच्या तशी उचललेली असणं ही तिसरी, आणि ती ओळखायची सोपी युक्ती म्हणजे चुका बघणं. प्रस्तावात गावाचं नाव चुकलं असेल आणि आदेशातही तसंच चुकलं असेल, तर मधल्या साहेबांनी काय वाचलं असेल ते कळतं. शेवटी कलमं बघा. मंजुरी कलम १८ आणि २० ची आणि दोषारोप कलम १६ चा, असली विसंगती राहून जाते आणि बचावाचा वकील ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बाहेर काढतो.

बाकीच्या कागदांबद्दल थोडक्यात. ९० दिवसांनंतर मुदतवाढ मागायची असेल तर सरकारी वकिलानं स्वतः अहवाल द्यायचा असतो: तपास कुठवर आलाय आणि आरोपीला अजून आत ठेवायची नेमकी कारणं कुठली. तपास अधिकाऱ्याच्या अर्जावर 'अग्रेषित' म्हणून सही ठोकून चालत नाही, हे टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याच्या काळापासून, १९९४ पासून, ठरलेलं आहे. मुदतवाढ दंडाधिकारी देऊ शकत नाहीत, विशेष किंवा सत्र न्यायालयच देतं. आणि त्या वेळी आरोपी समोर पाहिजे, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर. यांतलं एक जरी चुकलं तरी आरोपीला आपोआप जामिनाचा हक्क मिळू शकतो. दुसऱ्या दिवशी मथळा येतो "पोलिसांच्या ढिलाईनं संशयित सुटला" आणि गल्लीत त्याचा अर्थ "सेटिंग झालं" असा लावला जातो. बहुतेक वेळा सेटिंग वगैरे काही नसतं, दिवस मोजायला चुकलेलं असतं.

अटकेच्या वेळचा कागद मात्र घरच्यांनी नीट बघावा असा. अटकेची कारणं आणि अटकेचे आधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "पुरावा नष्ट करू नये म्हणून", "फरार होऊ नये म्हणून" ही कारणं. ती छापील असतात, कुणालाही लागू पडतात. आधार म्हणजे याच माणसानं अमुक दिवशी अमुक केलं असा आरोप. युएपीएमध्ये हे आधार लेखी द्यावेच लागतात, असं १५ मे २०२४ ला पुरकायस्थ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आणि अटकच बेकायदा ठरवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच मिहीर शहा प्रकरणात तो नियम सगळ्या गुन्ह्यांना लावला: आधार लेखी, आरोपीला समजेल अशा भाषेत, आणि त्या वेळी लगेच देता आले नाहीत तर रिमांडसाठी हजर करायच्या किमान दोन तास आधी. म्हणजे ज्याला फक्त मराठी येतं त्याच्या हातात इंग्रजी कागद देऊन सही घेतली तर त्यावर बोट ठेवता येतं. मिळालेल्या प्रतीवर सही करताना शेजारी वेळ घालायची. तारखेबरोबर वेळही. दोन तासांचा हिशोब त्यावरच होणार आहे.

एफआयआर शोधताना लोक हमखास चुकतात. २०१६ च्या यूथ बार असोसिएशन निकालानुसार एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायचा, पण दहशतवादासारखे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळता येतात आणि तो निर्णय उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी घेतो. त्यामुळे "एफआयआर लपवला" म्हणायच्या आधी तो वगळलाय का ते विचारा. शिवाय एटीएसचा गुन्हा बरेचदा मुंबईत काळाचौकीच्या एटीएस पोलीस ठाण्यात नोंद होतो. शाहूपुरी, राजारामपुरी, जुना राजवाडा अशी कोल्हापुरातल्या पोलीस ठाण्यांची यादी कितीही धुंडाळली तरी तो तिथं सापडत नाही. आरोपी किंवा त्याच्या वतीनं कुणीही अधीक्षकांकडे प्रतीसाठी अर्ज करू शकतो. संवेदनशील म्हणून प्रत नाकारली तर त्याविरुद्धच्या तक्रारीवर अधीक्षकांनी तीन अधिकाऱ्यांची समिती नेमायची आणि समितीनं तीन दिवसांत निर्णय द्यायचा.

जून २०२३ मध्ये व्हॉट्सॲप स्टेटसवरून कोल्हापुरात दंगल झाली, त्यानंतर इथं 'स्टेटस' हा शब्दच गुन्ह्याचं नाव असल्यासारखा वापरला जातो. व्हॉट्सॲपचं स्टेटस आणि दहशतवाद यांचा कायद्यात थेट संबंध नाही. स्टेटसवर लागतात ती धार्मिक तेढीची आणि भावना दुखावल्याची कलमं, आता भारतीय न्याय संहितेची १९६ आणि २९९. गंमत म्हणजे त्यांनाही दखलीआधी सरकारी मंजुरी लागते. स्टेटस म्हणजे खासगी बाब हा बचाव टिकत नाही, नागपूर खंडपीठानं जुलै २०२३ मध्येच सांगितलंय. पण दुसऱ्याच्या मोबाईलवर काढलेला स्क्रीनशॉट हा एकटा पुरावा लंगडा असतो. मूळ फोन जप्त करताना पंचनाम्यात आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक पाहिजे, जप्तीचं चित्रीकरण पाहिजे, आणि साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसकट पाहिजे. हॅश म्हणजे त्या माहितीचा आकडी ठसा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. तो जप्तीच्या वेळी न घेता तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेत घेतला, तर मधल्या तीन आठवड्यांत फोनला कुणी हात लावला नाही हे सिद्ध करायचं ओझं सरकारवर येतं.

जनसुरक्षा विधेयकाची चर्चा इथं बिंदू चौकातही झाली. विधानसभेनं ते १० जुलै २०२५ ला मंजूर केलं, दुसऱ्या दिवशी परिषदेनं. संयुक्त समितीकडे बारा हजारांवर सूचना-हरकती आल्यावर उद्देशात 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना' हे शब्द आले आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षकाकडे गेला. बेकायदा ठरवलेल्या संघटनेच्या सदस्याला तीन वर्षांपर्यंत, प्रत्यक्ष बेकायदा कृत्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा. माझी अडचण व्याख्येशी आहे. प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं हेही बेकायदा कृत्यात बसतं. टोलच्या विरोधात वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलेल्या गावाला त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. 'तत्सम' या शब्दाला तर कुंपणच नाही.

माहिती अधिकारात पुरावा मागू नका, मिळणार नाही. तारखा मागा. अर्ज मंत्रालयातल्या गृह विभागाला, जोडपत्र 'अ' मध्ये, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांपर्यंत मजकूर. प्रस्ताव प्राधिकरणाकडे मिळाल्याची तारीख, अहवालाची तारीख, मंजुरी आदेशाची तारीख आणि आवक-जावक नोंदवहीतल्या त्या नोंदींची प्रत, एवढंच लिहा. "मंजुरी उशिरा का दिली?" असं विचारलं की अधिकारी "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही" म्हणून मोकळा होतो. कलम ८(१)(ज) दाखवून नकार आला तर पहिल्या अपिलात एकच मुद्दा घ्या: तपास चालू आहे एवढं म्हणणं पुरत नाही, तारीख सांगितल्यानं तपासाला अडथळा कसा येतो ते दाखवावं लागतं. पहिलं अपील ३० दिवसांत, वीस रुपयांचं तिकीट. दुसरं ९० दिवसांत, माहिती आयोगाकडे. तिथं नंबर लागायला वेळ जातो. म्हणून दोषारोपपत्र दाखल झालं असेल तर सोबत न्यायालयातही नकलेचा अर्ज टाका. खटल्याशी संबंध नसलेल्या माणसाला त्यात कारण द्यावं लागतं आणि परवानगी न्यायाधीशांवर असते.

तारखा हातात आल्या की त्या वर्षाची शासकीय सुट्ट्यांची यादी शेजारी घ्या आणि मगच मोजा. नियमात कामाचे दिवस आहेत. शनिवार-रविवार आणि दिवाळी धरून मोजलं तर चौदाचे बावीसही होतात, आणि उशीर झाला म्हणून ओरड केलेला आदेश मुदतीतला निघतो.